दहावीनंतर गणित सुटलेल्या माणसाने कॅल्क्युलस शिकावे का?

बोरिवलीची प्रवासी

नमस्कार.

मी बोरिवलीला राहते आणि फोर्टमधील एका खासगी कार्यालयात हिशेब विभागात नोकरी करते. माझे वय ४७ आहे. दहावीनंतर वाणिज्य शाखा घेतली, तेव्हा अकरावीला गणित किंवा सेक्रेटरिअल प्रॅक्टिस यांपैकी एक विषय निवडायचा होता आणि घरातून, वर्गातून, शेजारून सगळीकडून ‘एस.पी. घे, गुण मिळतील’ असाच सल्ला मिळाल्यामुळे मी तो घेतला. गुण मिळाले. पुढे पदवी, नोकरी आणि संसार यांत गणिताशी संबंध उरला तो टक्केवारी, व्याज आणि जीएसटीपुरता.

यंदा मुलगी अकरावी विज्ञान शाखेत आहे आणि तिला गणितात कॅल्क्युलस आहे. एका रात्री अभ्यास करता करता तिने विचारले, ‘आई, डेरिव्हेटिव्ह म्हणजे नक्की काय गं?’ तिला सूत्रे पाठ होती, उदाहरणे सुटत होती, उत्तरे पुस्तकाच्या मागील पानाशी जुळतही होती. परंतु आपण हे जे काढतो आहोत ते नेमके कशाचे माप आहे, हे तिला उमगत नव्हते. मला तर काहीच सांगता आले नाही. तिचे पुस्तक मी उघडून पाहिले, दहा मिनिटे एकाच पानावर थांबले आणि मिटून ठेवले. त्या दहा मिनिटांची रुखरुख अजून गेलेली नाही.

हा प्रश्न मी मुलीसाठी विचारत नाही, कारण तिला शिक्षक आहेत. मी स्वतःसाठी विचारते आहे. बोरिवलीहूनच सुटणारी गाडी पकडली की मला बसायला जागा मिळते आणि जाताना एक, येताना एक असा रोज जवळजवळ दोन तासांचा वेळ हाती असतो. यजमानांचे म्हणणे असे की, शिकायचेच असेल तर कार्यालयात उपयोगी पडेल असे एखादे नवे हिशेबाचे सॉफ्टवेअर शिकावे, म्हणजे पगारात तरी फरक पडेल. तो सल्ला चुकीचा आहे असे मला वाटत नाही, म्हणूनच जाणकारांना विचारते: जिला अभियंता व्हायचे नाही, परीक्षा द्यायची नाही, अशा सामान्य बाईने कॅल्क्युलस शिकण्यात काही अर्थ आहे का? असल्यास तो कोणता? आणि नसल्यास गणितातील दुसरे काही शिकण्यासारखे आहे का?

निवृत्त शिक्षक, दादर

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात ३१ वर्षे हाच विषय शिकवला, त्यामुळे माझे मत विषयाच्या बाजूने झुकणार हे आधीच सांगून ठेवतो. तरीही माझे उत्तर ‘होय’ असेच आहे. आपण कॅल्क्युलस शिकावे, मात्र आपली मुलगी ज्या क्रमाने शिकते आहे त्या क्रमाने शिकू नये. तिच्या अभ्यासक्रमात आधी सीमा (लिमिट्स) येतात, मग सूत्रांचा तक्ता येतो, मग शंभर उदाहरणे येतात आणि ज्या प्रश्नांमुळे हे शास्त्र जन्माला आले ते प्रश्न शेवटी, वेळ उरल्यास, येतात. आपल्याला परीक्षा नाही, म्हणून आपण त्या प्रश्नांपासूनच सुरुवात करू शकता.

ते प्रश्न दोनच आहेत. एखादी गोष्ट सतत बदलत असेल, तर ती या क्षणी किती वेगाने बदलते आहे? आणि तो वेगच सतत बदलत असेल, तर ठरावीक काळात एकूण किती साठले? पहिल्या प्रश्नाचे उत्तर काढण्याला अवकलन म्हणतात (मुलीने विचारलेले डेरिव्हेटिव्ह म्हणजे हेच उत्तर) आणि दुसऱ्याचे उत्तर काढण्याला समाकलन, म्हणजे इंटिग्रेशन. आपण हिशेबाचे काम करता, त्यामुळे या दोन्ही क्रिया आपण रोज करत आहात. रोजमेळात दिवसाची आवक-जावक असते आणि शेवटी शिल्लक असते. आवक-जावक माहीत असेल तर बेरीज-वजाबाकी करत शिल्लक काढता येते, आणि रोजची शिल्लक माहीत असेल तर कालची वजा करून आजची निव्वळ आवक काढता येते. या दोन क्रिया एकमेकींच्या उलट आहेत हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही. आता नोंद दिवसाअखेर न होता दर तासाला, दर मिनिटाला, दर सेकंदाला होऊ लागली आणि अखेरीस नोंदींमधले अंतर हवे तितके लहान करता आले, तर जो हिशेब तयार होतो तो कॅल्क्युलस. अवकलन आणि समाकलन एकमेकांच्या उलट आहेत, हा या शास्त्राचा मूलभूत सिद्धांत आहे. तो आपल्या रोजमेळातच बसलेला आहे.

आता आपला मुख्य प्रश्न: याने सामान्य माणसाला काय मिळते? एक उदाहरण देतो, कारण त्यावरून मी अनेक सुशिक्षित माणसांना वाद घालताना पाहिले आहे. ‘महागाई घटली’ असा मथळा वर्तमानपत्रात येतो आणि भाजी घेऊन आलेला माणूस संतापतो, कारण त्याच्या पिशवीतील एकही वस्तू स्वस्त झालेली नसते. समजा, गेल्या वर्षी १०० रुपयांना मिळणारा जिन्नस वर्षभरात १०८ रुपयांचा झाला आणि पुढच्या वर्षभरात ११२ रुपयांचा झाला. पहिल्या वर्षी वाढ ८ टक्के आणि दुसऱ्या वर्षी सुमारे ३.७ टक्के. वाढीचा दर निम्म्याहून खाली आला, पण किंमत वाढलीच. मथळाही खरा आणि संतापही खरा, कारण एक जण किमतीच्या बदलाच्या दराविषयी बोलतो आहे आणि दुसरा किमतीविषयी. २०२० साली महापालिका रुग्ण दुप्पट होण्याचा कालावधी रोज जाहीर करत असे, तेव्हाही हाच घोळ होता: कालावधी वाढला म्हणजे साथ मंदावली, पण रुग्णांची संख्या वाढतच होती. एखादी राशी, तिच्या बदलाचा दर आणि त्या दरातील बदल या तीन वेगवेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला त्या वेगळ्या दिसतात तो माणूस आकड्यांनी सहज फसत नाही आणि सहज घाबरतही नाही.

दुसरे उदाहरण आपल्या समुद्राचे देतो, कारण मला ते सर्वांत प्रिय आहे. मुंबईत ओहोटीपासून भरतीपर्यंत साधारण सव्वासहा तास लागतात. पाणी या सगळ्या वेळात सारख्या गतीने चढत नाही. दर्यावर्दी लोकांचा एक जुना ठोकताळा असा आहे की, एकूण चढाचे बारा भाग केले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन आणि सहाव्यात एक भाग पाणी चढते. चढ चार मीटरचा असेल, तर पहिल्या तासात जेमतेम ३३ सेंटिमीटर आणि मधल्या दोन तासांत प्रत्येकी एक मीटर. भरती पुरी होताना पाणी थबकल्यासारखे वाटते आणि मग उतरू लागते. वरळीच्या कोळीवाड्यातील माणसाला हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते. जिथे पातळी सर्वांत उंच असते, तिथे पातळीच्या बदलाचा वेग शून्य असतो. कॅल्क्युलसमध्ये कमाल आणि किमान किंमत काढण्याची जी रीत आहे, तिचा पाया एवढाच आहे.

आणि ही गोष्ट आपल्याकडे फार पूर्वी लिहिली गेली आहे. भास्कराचार्यांचा जन्म १११४ सालचा आणि ‘सिद्धांतशिरोमणी’ ११५० सालचा, म्हणजे वयाच्या ३६ व्या वर्षी. चंद्राची गती क्षणोक्षणी बदलते, म्हणून तिथी केव्हा संपते ते बारकाईने काढायचे असेल तर दिवसभराची सरासरी गती पुरत नाही, त्या क्षणाची ‘तात्कालिक’ गती घ्यावी लागते, असे ते ग्रहगणितात सांगतात; आणि ग्रहाच्या मध्यम (सरासरी गतीने येणाऱ्या) व स्पष्ट (प्रत्यक्ष) स्थानांतील फरक जिथे कमाल होतो तिथे त्या फरकाच्या वाढीची गती शून्य होते, हेही त्यांनी ओळखले होते. याला पूर्ण कॅल्क्युलस म्हणू नये, कारण कोणत्याही वक्राला लागू पडणारी सर्वसाधारण रीत सतराव्या शतकात न्यूटन आणि लायब्निझ यांच्याकडून आली. मधल्या काळात केरळात माधव आणि त्यांच्या शिष्यपरंपरेने अनंत श्रेढींचे, म्हणजे न संपणाऱ्या बेरजांचे, मोठे काम केले होते. तरीही, पंचांगातील तिथीसारख्या रोजच्या गरजेतून बाराव्या शतकातील एक माणूस तात्कालिक गतीपर्यंत पोहोचला, ही गोष्ट आपल्या प्रश्नाला धरून आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, चाळीसगावजवळच्या पाटण येथे मठ स्थापन केला. त्याचा शिलालेख आपल्या मुंबईच्या डॉ. भाऊ दाजी लाड यांनी प्रकाशात आणला.

‘मराठीतून हे शिकता येईल का’ असे आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर यांनी डिफरन्शिअल कॅल्क्युलसवर मराठीत पुस्तक लिहिले होते आणि या शास्त्राला ‘शून्यलब्धि’ असे नाव दिले होते. बाळशास्त्री १८४६ साली वारले, म्हणजे ही गोष्ट पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. शून्याकडे जाता जाता जे हाती लागते ती शून्यलब्धि. आजवर मला याहून नेमका शब्द भेटलेला नाही.

विमा कार्यालयातील वाचक, परळ

सरांचे उत्तर मी आदराने वाचले आणि त्यातील भरतीचा परिच्छेद दोनदा वाचला. तरीही ताईंच्या नेमक्या प्रश्नाला माझे उत्तर वेगळे आहे. हाती रोजचे दोन तास आणि फार तर एक वर्ष असेल, तर सामान्य माणसाने आधी संभाव्यता आणि संख्याशास्त्र शिकावे, कॅल्क्युलस नंतर.

माझे म्हणणे अनुभवावर आधारलेले आहे. मी बावीस वर्षे विमा दाव्यांचे काम पाहतो. लोकांचे नुकसान बदलाचा दर न कळल्यामुळे होताना मी क्वचित पाहिले. शक्यता न कळल्यामुळे होताना नेहमी पाहिले. एक उदाहरण घ्या. एखादा आजार हजारात एका माणसाला असतो आणि त्याची चाचणी शंभरपैकी ९९ वेळा बरोबर निदान करते. आपली चाचणी होकारार्थी आली, तर आपल्याला तो आजार असण्याची शक्यता किती? बहुतेक लोक ‘९९ टक्के’ म्हणतात. हजार माणसे तपासली तर खरा रुग्ण एक, आणि उरलेल्या ९९९ निरोगी माणसांपैकी चाचणी चुकून होकारार्थी येणारे सुमारे दहा. म्हणजे होकारार्थी आलेल्या अकरा जणांत रुग्ण एकच, शक्यता सुमारे ९ टक्के. ही आकडेमोड पाचवीतले मूल करू शकते, पण ती करावी हे न सुचल्यामुळे घरेच्या घरे रात्रभर जागी राहतात.

गृहकर्जाचेही तसेच आहे. ३० लाखांचे कर्ज साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतले तर मासिक हप्ता २६ हजारांच्या आसपास येतो आणि पहिल्या हप्त्यातील २१,२५० रुपये नुसत्या व्याजात जातात, मुद्दल पाच हजारांनीही कमी होत नाही. हे समजण्यासाठी चक्रवाढ व्याज पुरते, अवकलन लागत नाही. सरांनी दिलेले महागाईचे उदाहरणसुद्धा टक्केवारीनेच सुटले, हे आपण पाहिले असेलच. सर कदाचित असे म्हणतील की, संख्याशास्त्रातील घंटेच्या आकाराच्या वक्राखालील क्षेत्रफळ काढायला समाकलन लागते. ते खरे आहे. पण ते क्षेत्रफळ कोष्टकात तयार मिळते आणि कोष्टक वापरणाऱ्याने ते स्वतः काढावे असा आग्रह मी धरणार नाही.

आयुष्यात घ्याव्या लागणाऱ्या निर्णयांत भर पडावी म्हणून शिकायचे असेल, तर माझा सल्ला वरीलप्रमाणे. मुलीच्या प्रश्नाला उत्तर देता आले नाही याची जी रुखरुख ताईंनी लिहिली आहे, ती संख्याशास्त्राने जाणार नाही, हे मात्र मी मान्य करतो.

पर्जन्यवाहिन्यांचा माणूस

मी पदविकाधारक स्थापत्य अभियंता असून माझी सारी नोकरी या शहराच्या पर्जन्य जलवाहिन्यांच्या कामात झाली. पदविकेला कॅल्क्युलस होते, मी ते पाठ करून उत्तीर्ण झालो आणि विसरलो. ते मला खऱ्या अर्थाने समजले ते एका मुकादमामुळे, ज्यांचे शिक्षण सातवीपर्यंत झाले होते. विमा कार्यालयातील सद्गृहस्थांनी ‘टक्केवारीने सुटते’ असे म्हटले आहे, म्हणून हा प्रसंग सविस्तर लिहितो. यातील गोष्ट टक्केवारीने सुटत नाही.

पावसाळ्यात सखल भागात पाणी भरले की आमचे मुकादम एका भिंतीजवळ खुणा केलेली काठी उभी करून ठेवत. मी नवीन होतो. पावसाचा जोर ओसरला की मी वरिष्ठांना ‘आता पाणी उतरेल’ असे कळवत असे आणि माझा अंदाज हटकून चुकत असे. मुकादम मला म्हणत, ‘साहेब, वर बघू नका, काठीकडे बघा.’ जोर ओसरल्यानंतरही दोन-दोन तास पाणी चढत राही. मला वाटे की कुठेतरी कचरा अडकला आहे. कधी तो अडकलेला असेही. पण नेहमी नाही.

एका रात्री मी आकडे मांडून पाहिले. मुंबईच्या जुन्या वाहिन्या तासाला २५ मिलिमीटर पाऊस वाहून नेतील अशा बेताने बांधलेल्या होत्या, तेही समुद्राला ओहोटी असताना. पुढे ही क्षमता तासाला ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याचे काम हाती घेण्यात आले. जुना आकडा धरू आणि सोयीसाठी असे मानू की पडलेले सगळे पाणी वाहिनीकडेच येते. समजा, लागोपाठच्या पाच तासांत २०, ६०, ४०, ३० आणि १५ मिलिमीटर पाऊस झाला. पहिल्या तासात काही साठणार नाही. दुसऱ्या तासाअखेर ३५ साठेल, तिसऱ्याअखेर ५०, चौथ्याअखेर ५५ आणि पाचव्याअखेर ४५. पावसाचा कहर दुसऱ्या तासात झाला, पण पाण्याची कमाल पातळी चौथ्या तासाच्या शेवटी आली. सखल जागी आजूबाजूचे पाणी उतरून येते, म्हणून तिथली प्रत्यक्ष खोली याच्या कितीतरी पट असते, पण कमाल कधी येणार याचे गणित बदलत नाही: येणारे पाणी जाणाऱ्या पाण्याइतके होते त्या क्षणी पातळी चढायची थांबते. पाऊस किती आहे हा प्रश्नच चुकीचा होता. पाऊस वाहिनीच्या क्षमतेपेक्षा अजून जास्त आहे की कमी, हा बरोबर प्रश्न होता, आणि मुकादमांची काठी नेमके त्याचेच उत्तर देत होती. पातळी कमाल असताना तिच्या बदलाचा वेग शून्य, हे सरांनी भरतीविषयी लिहिलेले वाक्य वाचताना मला ती काठी डोळ्यांसमोर दिसली.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मी कामावर होतो. त्या दिवसाविषयी इथे अधिक लिहीत नाही. एवढेच नोंदवतो की, त्या पावसाचा मोठा भाग दुपारनंतरच्या काही तासांत कोसळला आणि चोवीस तासांची सरासरी काढली तर ती ताशी ३९ मिलिमीटर येते. सरासरीकडे पाहून त्या दुपारविषयी काहीही कळत नाही. कोणत्या तासात किती, आणि त्या तासातही कोणत्या पंधरा मिनिटांत किती, हे विचारावेच लागते. असे विचारत विचारत खाली जाणे म्हणजेच अवकलन आहे, हे मला त्यानंतर कधी कोणी पटवून द्यावे लागले नाही.

आज उदंचन केंद्रांत मोठे पंप आहेत आणि पातळी दाखवणारी यंत्रे आहेत. तरीही पाणी भरल्यावर घरून कधी निघावे याचा निर्णय सामान्य नागरिकच घेतो, आणि तो बहुतेक वेळा पाऊस थांबला की लगेच निघतो. म्हणून माझ्या मते हे शास्त्र अभियंत्यांपुरते राखून ठेवू नये.

पुन्हा प्रयत्न करणारी, मुलुंड

ताई, मी तीन वर्षांपूर्वी असाच प्रयत्न केला होता आणि चार महिन्यांनी सोडून दिला. त्याची कारणे आपल्या उपयोगी पडतील म्हणून लिहिते. मी एका खासगी शिकवणीत नाव घातले. तिथे पहिल्या दिवसापासून सूत्रे लिहून दिली आणि कोणत्या प्रकारच्या उदाहरणाला कोणते सूत्र लावायचे एवढेच सांगितले. दुसरे आणि खरे कारण असे की, माझे बीजगणित कच्चे होते. कंसाचा विस्तार करताना, अपूर्णांकांचा छेद समान करताना मी अडत असे आणि मला वाटे की मला कॅल्क्युलस येत नाही. प्रत्यक्षात मला आठवीचे गणित येत नव्हते.

आता मी पुन्हा सुरुवात केली आहे. पहिले दोन महिने आठवी ते दहावीची पुस्तके घेऊन फक्त बीजगणित आणि आलेख केले. आलेखकागद घेऊन हाताने वक्र काढणे, त्यावर पट्टी ठेवून स्पर्शिका (वक्राला एका बिंदूपाशी स्पर्श करणारी रेषा) ओढणे आणि चौकोन मोजून तिचा उतार काढणे, हे मी चाळीस-पन्नास वेळा केले असेल. आपणही हे केल्यानंतर मुलीच्या पुस्तकातील डेरिव्हेटिव्हची व्याख्या वाचाल तेव्हा ती ओळखीची वाटेल, याची मी खात्री देते.

बोरिवलीची प्रवासी

सर्वांचे मनापासून आभार. उत्तर द्यायला सहा आठवडे लागले, कारण सरांनी सुचवल्याप्रमाणे सूत्रांऐवजी प्रश्नांपासून सुरुवात करायची, म्हणून आधी स्वतः काहीतरी मोजून पाहावे असे ठरवले होते. आलेखकागदाची सवय मुलुंडच्या ताईंच्या सांगण्यावरून लावून घेतली आहे. संख्याशास्त्राचा सल्लाही मी बाजूला टाकलेला नाही. चाचणीचे ते उदाहरण कार्यालयात चार जणींना समजावून सांगितले.

मोजले ते असे. एका रविवारी मी आणि मुलगी बोरिवलीहून सुटून मध्ये न थांबता अंधेरीला जाणाऱ्या जलद गाडीत खिडकीशी बसलो. वेग दाखवणारे ॲप मोबाइलवर सुरू केले. मुलगी दर दहा सेकंदांनी वेग (ताशी किलोमीटरमध्ये) वाचून दाखवत होती आणि मी वहीत लिहीत होते. प्रवास चौदा मिनिटांचा झाला, म्हणजे दहा-दहा सेकंदांचे ८४ तुकडे. दहा सेकंद म्हणजे तासाचा ३६० वा भाग, म्हणून प्रत्येक तुकड्यातील अंतर म्हणजे वेग भागिले ३६०. सर्व वेगांची बेरीज ४,२८४ आली आणि तिला ३६० ने भागल्यावर ११.९ किलोमीटर. बोरिवली ते अंधेरी हे अंतर सुमारे १२ किलोमीटर आहे. गाडी किती अंतर चालली हे आम्ही कुठेही मोजले नव्हते, फक्त वेग मोजला होता. मुलगी बराच वेळ वहीकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, ‘म्हणजे इंटिग्रेशन हे आहे.’

सर, आता एक शंका आहे. दहा सेकंदांच्या तुकड्यात वेग बदलतो, तर तुकड्याच्या सुरुवातीचा वेग धरावा की शेवटचा, हे आम्हाला ठरवता येईना. गाडी वेग घेत असताना सुरुवातीचा धरला तर अंतर कमी भरणार आणि शेवटचा धरला तर जास्त, म्हणून दोन्ही प्रकारे बेरीज केली. पण दोन्ही वेळा बेरीज तंतोतंत ४,२८४ च आली. मग कोणता वेग धरला याने काहीच फरक पडत नाही, असे समजायचे का?

निवृत्त शिक्षक, दादर

ताई, फरक पडतो. या प्रवासात तो दिसला नाही, कारण गाडी बोरिवलीला थांबलेली होती आणि अंधेरीलाही थांबली. आपल्या वहीत ८५ नोंदी असतील. सुरुवातीचे वेग धरून केलेल्या बेरजेत शेवटची नोंद नसते आणि शेवटचे वेग धरून केलेल्या बेरजेत पहिली नोंद नसते. बाकीच्या ८३ नोंदी दोन्हींत त्याच. पहिली आणि शेवटची या दोन्ही नोंदी शून्याच्या आहेत, म्हणून बेरीज तीच आली. वेग घेताना जेवढे अंतर कमी धरले गेले, तेवढेच ब्रेक लागताना जास्त धरले गेले.

आता वहीतील फक्त सुरुवातीचा भाग घ्या, जिथे वेग नुसता वाढतो आहे. समजा, पहिल्या पन्नास सेकंदांतील नोंदी ०, १८, ३४, ४९, ६१ आणि ७२ अशा आहेत. सुरुवातीचे वेग धरले तर बेरीज १६२, म्हणजे ४५० मीटर. शेवटचे धरले तर बेरीज २३४, म्हणजे ६५० मीटर. खरे अंतर या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे आणि आपली अनिश्चितता २०० मीटरची आहे. हे २०० मीटर कुठून आले ते पाहा: पहिला वेग शून्य, शेवटचा ७२, म्हणजे सेकंदाला २० मीटर, आणि तुकडा दहा सेकंदांचा, २० गुणिले १०. मधल्या नोंदी काहीही असोत, फरक एवढाच राहणार.

म्हणून तुकडा एका सेकंदाचा केला तर फरक २० मीटर उरेल आणि सेकंदाच्या दहाव्या भागाचा केला तर २ मीटर. आपण मला कितीही लहान अंतर सांगा, फरक त्याहूनही कमी होईल असा तुकडा मी आपल्याला सांगू शकेन. मुलीच्या पुस्तकात ‘सीमा’ या प्रकरणाच्या आरंभी जी व्याख्या आहे, ती याच शेवटच्या वाक्याची आहे. पुढच्या रविवारी गाडीत बसाल तेव्हा पहिला एक मिनिटभर दर पाच सेकंदांनी नोंदी घ्या आणि दोन्ही बेरजा इथे कळवा. फरक अर्ध्यावर आला का ते पाहू.